सूचना क्रमांक चार

१

दंगल संपून तिसरा दिवस उजाडला होता. गल्लीतली अकरा दुकानं लुटली गेली होती आणि त्यातल्या दहांपाशी नुसतं उभं राहिलं तरी काय झालं असेल ते कळत होतं. शटरं पहारीने उचकटलेली, मधोमध फाटलेली, एक तर अख्खं उखडून रस्त्यावर आडवं पडलेलं. अकरावं शटर मात्र नीट वर गुंडाळलेलं होतं. त्याच्यावर साधा ओरखडा नव्हता.

ते चष्म्याचं दुकान होतं. आत एकही फ्रेम उरली नव्हती. काच घासायचं यंत्र गेलं होतं, गिऱ्हाइकांना चेहरा बघायला ठेवलेला आरसाही गेला होता.

"लुटारू फारच सभ्य निघाले," फौजदार म्हणाले. "किल्ली लावून आत आले."

विमा कंपनीने पाहणीसाठी पाठवलेल्या सर्व्हेअर बाई शटरचं कुलूप निरखत होत्या. बाजारात त्यांना मोजपट्टी म्हणत. पाठीमागे म्हणत, पण इतक्या मोठ्याने की त्यांना ते तीस वर्षांपासून माहीत होतं. पर्समध्ये पट्टी, जाड पेन्सिल आणि टॉर्च नसेल तर त्या घराबाहेर पडत नसत. दंगलीच्या दुपारी घरी सुरक्षित बसून त्यांनी याच पेन्सिलीला टोक काढलं होतं. आता कामं येतील, असा विचार तेव्हा त्यांच्या मनात आला होता. तो तीन दिवस नखात शिरलेल्या कुसळासारखा सलत होता.

"पॉलिसी काय म्हणते?" फौजदारांनी विचारलं.

"दंगलीत जमावाने घुसून लुटलं तर भरपाई. पण घुसल्याची खूण हवी. तुटलेलं कुलूप, वाकलेलं शटर."

"इथे खूण नाही. म्हणजे माल चष्मेवाल्याने आधीच हलवला आणि नाव जमावाचं घेतलं. आता ऐका. शटरचं मधलं कुलूप किल्लीनेच उघडलंय. बाजूची दोन कुलुपं आत खिळ्यावर आरामात लटकतायत. सकाळी अकराला त्याच्या मेहुण्याचा टेंपो दारात होता, माझ्या शिपायाने नंबर टिपलाय. आणि काच घासणारी कारागीर बाई त्या दिवसापासून गायब आहे. उद्या तुमचा अहवाल आला की खोट्या तक्रारीबद्दल त्याला आत टाकतो."

फौजदारांना घाई होती. बाईंना ती जरा जास्तच वाटली.

त्यांनी टॉर्च फिरवला. फ्रेम लावायचे पांढरे फळे लुटणाऱ्यांनी भिंतीवरून ओढून जमिनीवर पालथे पाडले होते. शेजारचं गादीचं दुकान जळून खाक झालं होतं. सामायिक भिंतीतल्या झरोक्यातून त्याचा धूर इकडे शिरला होता आणि सगळं दुकान काजळीने माखलं होतं. मागच्या दारावर आतून लोखंडी पत्रा वेल्ड केलेला होता. बाईंनी तो बोटाने वाजवला. काम चोख होतं. आठ महिन्यांपूर्वी पॉलिसी देण्याआधीची पाहणी त्यांनीच केली होती, आणि सांगितलेलं ऐकणारी माणसं त्यांना आवडत.

निघताना त्यांनी खिळ्यावरची कुलुपं बोटभर बाजूला केली, त्यांच्यामागे भिंतीवर टॉर्च धरला आणि ती हळूच होती तशी सोडली.

"साहेब, या खिळ्याला कुणालाही हात लावू देऊ नका."

"का? काय सापडलं?"

"उद्या सांगते. आधी माणसांशी बोलू द्या."

२

चष्मेवाला साठीचा, काटकुळा, शब्द मोजून बोलणारा. लोकांची नजर तपासण्यात आयुष्य घालवलेला हा माणूस बाईंच्या नजरेला नजर देत नव्हता. उजव्या तळहाताला पट्टी होती आणि दर दोन वाक्यांमागे तो खोकत होता. त्याच्या बायकोने पाणी आणून ठेवलं आणि ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"पोलिसांनी बाराला दुकानं बंद करायला सांगितली," तो म्हणाला. "बाराला बंद केलं. घरी आलो."

"बाजूची कुलुपं लावली होतीत, भाऊ?"

"रोज लावतो. त्या दिवशीही लावली."

"बाहेरून?"

"बाजूची बाहेरूनच लागतात ना, मॅडम."

"मग आत खिळ्यावर कशी गेली?"

त्याने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. "ज्यांनी उघडलं त्यांनी ठेवली असतील."

"लुटायला आलेल्यांनी? कुलुपं खिळ्याला टांगून?"

बाईंनी पुढचे प्रश्न घेतले. हाताला काय झालं, तर काच लागली. किल्ल्या कुणाकडे, तर एक स्वतःकडे आणि एक मेहुण्याकडे. कारागीर बाई कुठे आहेत?

"काचताई? ती गावी गेली. आदल्या दिवशीच."

"अहो, सांगून टाका ना एकदाचं," बायको दारातून म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता.

"तू आत हो."

ती आत गेली. बाईंनी वही मिटली. या घरात काहीतरी लपवलं जातंय हे न कळायला त्या काल कामाला लागलेल्या नव्हत्या. पण माल लपवणारा माणूस बडबड करतो, पुरावे पुढे करतो, कंपनीच्या नावाने बोटं मोडतो. हा माणूस नुसता खाली मान घालून बसला होता. त्याला भरपाई मागायचीच लाज वाटत होती.

त्या चपला घालत असताना तो मागून आला.

"मॅडम, एक विचारू? समजा एखाद्याने आपल्या हाताने दार उघडलं. तर खरंच काही मिळत नाही?"

"असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

आता मात्र त्याने बाईंकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कुणी नाही," असं म्हणून त्याने दार लावून घेतलं.

३

मेहुणा टेंपोच्या टपावर चढून दोर सोडत होता. बोलायला तो बहिणीच्या नवऱ्याच्या अगदी उलट. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर तयार.

"माल? कसला माल, बाई? मी बहिणीला आणायला गेलो होतो. ती डबे द्यायला दुकानात आली होती. बाहेर वातावरण हे असं! तिला बसवलं आणि निघालो. टेंपो रिकामा होता, विचारा कुणालाही."

"डबे किती होते?"

"दोन. एक भाऊजींचा, एक काचता..."

तो थांबला. दोराचं टोक हातातच राहिलं.

"काचताई तर आदल्या दिवशी गावी गेल्या होत्या," बाई म्हणाल्या. "आणि बाराला दुकान बंद करून घरी जेवायला येणाऱ्या माणसाला अकराला डबा कशाला?"

मेहुणा टपावरून खाली उतरला आणि टेंपोच्या पायरीवर बसला.

"भाऊजींनी शपथ घातलीय, बाई."

"ते पोलिसांच्या कोठडीत गेल्यावर शपथ पाळत बसा."

"तीन वाजता येतो म्हणून सांगितलं होतं मी," तो म्हणाला. "दोघांना न्यायला. आलोही होतो, पण साडेतीन वाजले होते. गल्लीच्या तोंडाशी पोचलो, आणि समोर तो जमाव. गादीवाल्याच्या दुकानातून धूर निघत होता. मी टेंपो वळवला." त्याने तोंडावरून हात फिरवला. "वळवला आणि पळालो. भाऊजी एका शब्दाने बोलले नाहीत मला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

बाईंनी फौजदारांना फोन लावला. दोन माणसं दुकानातच होती, हे ऐकून ते हसले.

"मेहुणा मेहुण्यासारखंच बोलणार. आत होते तर माल बाहेर कसा जाऊ दिला? आणि धूर झाला तर पत्रा तोडून मागच्या दाराने का नाही पळाले?"

मागचं दार. बाईंनी वहीत ते दोन शब्द लिहिले आणि त्यांच्याखाली रेघ ओढली.

"उद्या सकाळी दुकानात या," त्या म्हणाल्या. "मोठा दिवा घेऊन या."

४

सकाळी फौजदारांच्या माणसांनी दिवा लावला. बाईंनी पालथे पडलेले फळे उचलून सुलटे करायला सांगितले.

पहिला फळा सुलटा झाला. काळ्या काजळीवर रांगांमागून रांगा पांढरे चष्मे उमटले होते. गोल, चौकोनी, लहान मुलांचे. जिथे जिथे फ्रेम टांगलेली होती, तिथे तिथे फळा कोरा राहिला होता.

"माल सकाळी टेंपोतून गेला असता, तर हा फळा सगळा काळा झाला असता," बाई म्हणाल्या. "धूर आला तेव्हा एकूण एक फ्रेम जागेवर होती. धूर दुपारी तीननंतरचा. म्हणजे माल त्यानंतर गेला."

फौजदारांनी टोपी काढली. "आणि कुलुपं?"

बाईंनी खिळ्यावरची दोन्ही कुलुपं उचलली. त्यांच्यामागे भिंतीवर कुलपांच्या आकाराचे दोन स्वच्छ डाग होते.

"हीसुद्धा धुराच्या आधीपासून खिळ्यावर आहेत. धूर येत होता तेव्हा बाजूची कुलुपं बाहेरून लागलेलीच नव्हती. शटर खाली होतं, मधलं कुलूप आतून लावलं होतं, आणि लावणारा आत होता."

"मेहुणा तेच म्हणाला. सिद्ध कसं करणार?"

बाईंनी दिवा मागच्या भिंतीकडे वळवला. जमिनीपासून सुरू होणारे दोन फिकट पट्टे होते, वरून गोलसर. फौजदारांच्या पंचनाम्यात त्यांची नोंद 'खोके ठेवल्याच्या खुणा' अशी होती. बाईंनी पट्टी लावली. एकाची उंची दोन फूट दहा इंच, दुसऱ्याची अडीच फूट. वर निमुळते, खाली रुंद. त्या खाली बसल्या आणि त्यांनी दुसऱ्या पट्ट्याला पाठ टेकली. खांदे बरोबर कडेला आले, डोकं वरच्या गोलात बसलं.

"साहेब, ही माणसं आहेत," त्या खालूनच म्हणाल्या. "धूर वरून भरत जातो, म्हणून ती खाली बसली. जमाव दाराशी होता, म्हणून ओरडली नाहीत. आणि धूर इतका झाला की भिंतीवर त्यांच्या पाठी उमटल्या."

मग फौजदार स्वतःहूनच म्हणाले, "तीन वाजून दहा मिनिटांनी मी या कोपऱ्यावरची सहा माणसं मोठ्या चौकात पाठवली. हुकूम होता. पण दोन ठेवू का म्हणून विचारलं असतं, तर नाही म्हणाले नसते." ते टोपीची कड चाचपत राहिले. "हा माणूस लबाड निघाला असता, तर माझ्या डोक्यावरचं एक दुकान तरी कमी झालं असतं."

घाईचा उलगडा झाला. बाईंना त्यांचा राग आला नाही. कारण त्या बसल्या होत्या तिथून मागच्या दाराचा पत्रा शेजारीच दिसत होता, आणि त्या पत्र्यावर खालच्या बाजूला पोचे होते. टाचेच्या उंचीवर. सात मोजले, पुढचे मोजवेनात.

५

काचताई गावाला गेलेली नव्हती. दोन रस्ते पलीकडे, बहिणीकडे होती. उजवा पाय प्लास्टरमध्ये उशीवर ठेवलेला. बहिणीने आधीच बजावलं, "डॉक्टरांनी बोलू नको म्हणून सांगितलंय. छातीत धूर गेलाय. पाच मिनिटं फक्त."

काचताई तिशीतली होती. तिने बाईंना आपादमस्तक पाहिलं आणि बाईंच्या चेहऱ्यावरच्या चष्म्याकडे बोट केलं.

"हा मी घासलाय." आवाज कुजबुजण्याइतकाच होता. "तुम्ही त्या पाहणीच्या मॅडम. चहासुद्धा घेतला नव्हतात. चष्म्याचे पैसे मात्र तिथल्या तिथे दिलेत."

"हो. मीच ती."

मग तिने थांबत थांबत सांगितलं. शाळेतल्या मुलांच्या चष्म्यांचं काम अडलं होतं. काकांनी, म्हणजे चष्मेवाल्याने, विचारलं होतं, तीनपर्यंत थांबतेस का, शटर ओढून आत काम करू. ती हो म्हणाली. धूर आला तेव्हा दोघं ओली फडकी तोंडाला लावून खाली बसली. मग मागच्या पत्र्यावर लाथा मारल्या. आधी काकांनी, मग तिने, पाय मोडेपर्यंत.

"पत्रा हलला नाही," ती म्हणाली. "वेल्डिंग चांगलं होतं."

बाईंना त्या वेल्डिंगवर बोट वाजवलेलं आठवलं.

"शेवटी काकांनी शटरला किल्ली लावली. बाहेर माणसं होती, माहीत होतं. शटर तापलं होतं, त्यांचा हात भाजला. उघडल्याबरोबर ती माणसं आत शिरली. काका मला ओढत बाहेर घेऊन गेले. आमच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. सगळे चष्म्यांवर तुटून पडले होते."

"मग हे पोलिसांना का नाही सांगितलं?"

"बाराचा हुकूम मोडला होता. आणि आपल्या हाताने दार उघडून दिलंत तर कंपनी हात वर करेल, असं कुणीतरी काकांना सांगून ठेवलं होतं." तिने खोकून घेतलं. "काकांना वाटतं माझा पाय त्यांच्यामुळे गेला. मला वाटतं मी जरा जोरात लाथ मारायला हवी होती."

कंपनी हात वर करेल असं काकांना कुणी सांगितलं होतं, ते बाईंना आता लख्ख आठवलं. आठ महिन्यांपूर्वी त्या दुकानात उभं राहून, फॉर्मवर 'सूचना क्रमांक चार: मागील दार आतून पत्रा वेल्ड करून कायमचे बंद करावे' असं लिहीत त्या स्वतःच ते बोलल्या होत्या. त्याच वेळी यंत्राशी बसलेल्या या बाईने मान वर करून विचारलं होतं, मॅडम, मग आग लागली तर?

"मी तेव्हा काय म्हणाले होते, आठवतं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही हसलात," काचताई म्हणाली. "आणि म्हणालात, पुढचं दार आहे की."

पाच मिनिटं झाली, असं बहिणीने सांगितलं. बाई उठल्या.

६

कंपनीच्या साहेबांनी अहवाल दोनदा वाचला.

"उत्तम. बळजबरी शटरवर झाली नाही, आतल्या माणसांवर झाली. आग जमावाने लावली, त्या आगीने त्यांना दार उघडायला भाग पाडलं. हे पटतंय. फक्त परिच्छेद नऊ काढा."

परिच्छेद नऊमध्ये लिहिलं होतं की मागचं दार खाली सही करणाऱ्या सर्व्हेअरच्या सूचनेवरून बंद करण्यात आलं होतं, माणसांच्या सुटकेचा विचार सर्व्हेअरने केला नव्हता, आणि कामगाराने विचारलेला प्रश्न तिने हसण्यावारी नेला होता.

"नऊ काढला तर ते मागून का नाही पळाले, याला उत्तर काय?"

"उत्तर आपण कशाला द्यायचं?"

"उत्तर नसेल तर तुमचेच वकील म्हणतील की दार बंद करणं ही मालकाची चूक. भरपाई अडेल."

साहेबांनी अहवाल मिटला, म्हणजे बाईंनी बरोबर ओळखलं होतं. मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, परवाना जाईल तुमचा. तीस वर्षांचं नाव आहे. आणि सूचना काही चुकीची नव्हती, चोर मागूनच येतात. सगळेच सर्व्हेअर देतात ती."

"म्हणून तर ते लिहायला हवं."

त्यांना भीती वाटत नव्हती असं नाही. घरी आईचं औषधपाणी त्यांच्याच कमाईवर चालत होतं, आणि दुसरं कुठलं काम त्यांना येतही नव्हतं. पण डोळे मिटले की पत्र्यावरचे ते पोचे दिसत. त्यांनी पेन्सिल बाजूला ठेवली, साहेबांचंच पेन मागून घेतलं आणि परिच्छेद नऊच्या शेजारी वेगळी सही केली. फौजदारांनीही आपल्या पुरवणी पंचनाम्यात तीन वाजून दहा मिनिटांची ओळ घातली होती. कुणी सांगितलं नव्हतं.

दावा मंजूर झाल्याचं पत्र चष्मेवाल्याला गेलं, त्याच आठवड्यात बाईंना चौकशीची नोटीस आली. परवाना तूर्त जमा करायचा होता. तो जमा करायला निघण्यापूर्वी त्यांनी जुनी कागदपत्रं काढली आणि ज्या ज्या दुकानांना सूचना क्रमांक चार दिली होती त्यांची यादी केली. एकशे बारा नावं निघाली.

पहिलं नाव वह्यापुस्तकांच्या दुकानाचं होतं. दुकानदार त्यांना बघून लगबगीने उठला.

"या, या मॅडम! बघायचाय ना पत्रा? अगदी तुम्ही सांगितलात तसा बसवलाय. हत्ती आणला तरी हलायचा नाही."

"तो कापून काढा," बाई म्हणाल्या. "आतून उघडेल अशी कडी लावा. कंपनीने काही म्हटलं तर माझं नाव सांगा."

"कापायचा?" दुकानदाराचं तोंड उघडंच राहिलं. "अहो, तुम्हीच तर..."

"हो, मीच. माझं चुकलं."

मागच्या खोलीत एक बाई वह्या शिवत बसली होती. तिने सुई थांबवली आणि मान वर केली.

"मी तेव्हाच विचारलं होतं तुम्हाला, आग लागली तर काय," ती म्हणाली.

सर्व्हेअर बाईंना तिचा चेहरा आठवत नव्हता. एकशे बारा दुकानांतला एकही चेहरा आठवत नव्हता. त्यांनी पर्समधून यादी काढली, दाराजवळच्या स्टुलावर बसल्या आणि विचारलं, "मी काय उत्तर दिलं होतं, ते सांगाल मला?"